कुंडीची कुंडली: महाविद्यालयाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ वनस्पती कशा सांभाळाव्यात

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागामागे एक छोटेसे उद्यान असते आणि त्यात हमखास एक कुंडी अशी असते की जिच्यावर रंगाने केवळ ‘फ्रेरिया इंडिका’ असे लिहिलेले असते. ती कोणी आणली, शिवनेरीच्या कड्यावरून आणली की दुसऱ्या एखाद्या बागेतून फांदी मागून लावली, कोणत्या वर्षी आणली, यांपैकी काहीही विचारले तर ‘आमच्या आधीच्या सरांच्या काळापासून आहे’ एवढेच उत्तर मिळते. रोप जिवंत असते, पावसाळ्यानंतर त्याला गडद लाल फुलेही येतात. परंतु संशोधकाला त्याचा फारसा उपयोग नसतो आणि त्याची फांदी पुन्हा डोंगरावर नेऊन लावणे तर धोक्याचेच ठरते, कारण ती मुळात कोणत्या डोंगरावरची हेच ठाऊक नसते. अशा उद्यानाचे रूपांतर खऱ्या अर्थाने शास्त्रीय आणि संवर्धनाच्या संग्रहात कसे करावे, याची कामाच्या क्रमाने दिलेली माहिती पुढे आहे. उदाहरणांसाठी सह्याद्रीतील दोन वनस्पती घेतल्या आहेत: एक शिंदळ माकुडी, म्हणजेच फ्रेरिया इंडिका, आणि दुसरी कंदीलपुष्पे, म्हणजे सेरोपेजिया या प्रजातीतील (इंग्रजीत ‘जीनस’) जाती, ज्यांना गावाकडे खरपुडी म्हणतात.

आधी निवड, मग परवानगी

लहान उद्यानाने सर्व काही जमवण्याचा मोह टाळावा. दोनशे जातींची एकेक कुंडी ठेवण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील तीन-चार प्रदेशनिष्ठ, म्हणजे केवळ त्याच प्रदेशात आढळणाऱ्या, जाती प्रत्येकी तीस-चाळीस रोपांनी सांभाळणे संवर्धनाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे आहे. हवामान तेच असल्याने रोपे जगण्याची शक्यता वाढते, मूळ ठिकाणी वर्षातून चार वेळा जाता येते आणि कोणती जात खरोखर कमी होत आहे हे प्रत्यक्ष पाहून ठरवता येते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात सह्याद्रीतील कंदीलपुष्पांवर दीर्घकाळ काम झाले, त्यामागे डोंगर हाताशी असणे हेही एक कारण आहे. नाशिकच्या महाविद्यालयाने अंजनेरीच्या पठाराकडे पाहावे, साताऱ्याच्या महाविद्यालयाने कासकडे आणि रत्नागिरीच्या महाविद्यालयाने आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यांकडे पाहावे.

परवानगीचे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते पहिल्या पावसाच्या आधी, म्हणजे मार्चमध्येच सुरू करावे. जागा वनखात्याची असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते; गावाच्या हद्दीतील जागा असेल तर जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन झालेल्या स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीला कामाची कल्पना द्यावी आणि आपल्या संस्थेला आणखी कोणाची मान्यता लागते हे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे लेखी विचारून घ्यावे. परवानगीपत्राचा जावक क्रमांक नोंदवहीत उतरवून ठेवावा, कारण दहा वर्षांनी एखादा शोधनिबंध लिहिताना तोच प्रथम विचारला जातो.

डोंगरावर काय घ्यावे आणि काय घेऊ नये

कंदीलपुष्पाचा कंद कधीही उकरू नये. गुराखी मुले हे कंद पूर्वीपासून खात आली आहेत, साळिंदरेही खातात. परंतु एखाद्या कपारीत एकूण वीसच वेली उरल्या असतील तर त्यांतील पाच कंद उचलून नेणारा अभ्यासक साळिंदरापेक्षा अधिक नुकसान करतो, असे माझे मत आहे. बी घ्यावे. त्यासाठी दोन फेऱ्या लागतात: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेल फुलावर असताना ओळख पटवण्यासाठी पहिली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगांसारखी जोडफळे तयार झाल्यावर दुसरी. दुसऱ्या फेरीत गवत वाळलेले असते आणि वेल त्यात दिसतच नाही, म्हणून पहिल्याच फेरीत जीपीएस नोंदीबरोबर जवळच्या दगडाची किंवा झुडपाची खूण वहीत लिहून ठेवावी. या बियांना रुईच्या बियांसारखे रेशमी केसांचे झुपके असतात, ज्यांना आपण म्हातारी म्हणतो. फळ तडकले की तासाभरात म्हाताऱ्या उडून जातात आणि फेरी वाया जाते. त्यामुळे फळ हिरवे असतानाच त्यावर पातळ मलमलीची किंवा जाळीची पिशवी सैलसर बांधून यावी.

बी किती घ्यावे याला एक सर्वमान्य मर्यादा आहे: त्या दिवशी पक्व झालेल्या एकूण बियांच्या एक पंचमांशाहून अधिक घेऊ नये आणि वेली अगदी मोजक्या असतील तर त्याहूनही कमी घ्यावे. ते एकाच भरघोस वेलीवरून न घेता शक्य तितक्या वेगवेगळ्या वेलींवरून घ्यावे आणि प्रत्येक वेलीचे बी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. सगळे बी एका पिशवीत एकत्र केले की कोणते बी कोणत्या आईचे हे कायमचे हरवते. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, कारण त्यात बियांना घाम येऊन बुरशी धरते.

शिंदळ माकुडीची गोष्ट वेगळी आहे. ही मांसल खोडाची वनस्पती कड्यांच्या कपारींत लोंबते, पावसाळ्यात पाने धरते आणि उन्हाळ्यात पाने टाकून नुसत्या जाड फांद्यांवर दिवस काढते. तिची बोटभर लांबीची फांदी सहज रुजते, आणि नेमकी हीच सोय पुढे अडचणीची ठरते. एका झाडाच्या वीस फांद्या लावून वीस कुंड्या केल्या तर नोंदवहीत वीस रोपे दिसतात, पण जनुकीय दृष्टीने ते एकच झाड वीस ठिकाणी उभे असते. एखाद्या रोगाला ते एक झाड बळी पडणारे असेल तर वीसही जातील. म्हणून एकमेकांपासून दूर वाढणाऱ्या झाडांवरून प्रत्येकी एकच फांदी घ्यावी आणि प्रत्येक फांदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. कड्यावर स्वतः उतरण्याचे धाडस करू नये. प्रशिक्षित गिर्यारोहकांना सोबत घ्यावे.

जागेवरच लिहून घ्यायच्या गोष्टी नमुना वाळल्यावर परत मिळत नाहीत. फुलाचा ताजा रंग, वास, पान तोडल्यावर येणारा चीक पांढरा आहे की पाण्यासारखा, खडक जांभा आहे की बेसाल्ट, उतार कोणत्या दिशेचा, समुद्रसपाटीपासूनची उंची, सोबत वाढणाऱ्या वनस्पती, एकूण रोपांची संख्या आणि त्यांतली लहान रोपे किती, हे सर्व तिथेच बसून लिहावे. स्थानिक नाव लिहिताना ते कोणत्या गावात ऐकले हेही लिहावे, कारण खरपुडी हे नाव एका खोऱ्यात एका जातीला आणि पलीकडच्या खोऱ्यात भलत्याच जातीला असू शकते.

आवक क्रमांक

या संपूर्ण कामाचा कणा म्हणजे नोंदवही. कार्यालयात आलेल्या प्रत्येक पत्राला जसा आवक क्रमांक पडतो तसाच उद्यानात आलेल्या प्रत्येक पाकिटाला आणि प्रत्येक फांदीला पडला पाहिजे, आणि तो आल्या दिवशीच पडला पाहिजे. क्रमांकाची रचना साधी असावी: वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रम, उदाहरणार्थ २०२४-००३७. क्रमांकात जातीचे संक्षिप्त नाव किंवा जिल्ह्याचा संकेत घालण्याची हौस अनेकांना असते. ती करू नये. नाव बदलते, क्रमांक बदलत नाही. शिंदळ माकुडीचेच पाहा. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया ही प्रजाती निर्माण केली. पुढे काहींनी ही वनस्पती कॅरालुमा या प्रजातीत घातली आणि नंतर ती बौसेरोशियात गेली. क्रमांकात ‘फ्रे’ घालणाऱ्याने आता काय करावे?

त्या क्रमांकासमोर आणल्याचा दिनांक, आणणाऱ्याचे नाव आणि त्याच्या क्षेत्रवहीतील क्रमांक, नेमके ठिकाण, बी की फांदी, मातृवनस्पती कोणती, ओळख कोणी व केव्हा पटवली आणि हर्बेरियम नमुना, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली वनस्पती, कोठे ठेवला, एवढे रकाने असावेत. दुसऱ्या बागेतून मिळालेल्या रोपाची मूळ जागा माहीत नसेल तर ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. अंदाजाने ‘जुन्नर परिसर’ असे लिहिणे हा सर्वांत महागात पडणारा प्रामाणिकपणाचा अभाव होय. संगणकावर तक्ता अवश्य ठेवावा, परंतु कापडी बांधणीची, पाने क्रमांकित केलेली वहीही ठेवावी. उद्याने नाहीशी होतात आणि नोंदी मागे राहतात, याचे उदाहरण पुण्याजवळच आहे: दापोडीला एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची वनस्पती बाग होती, अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. ती बाग आज नाही. पण तेथील वनस्पतींची एका भारतीय चित्रकाराने १८४७ ते १८५० च्या सुमारास काढलेली चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात अजून आहेत आणि त्यांवरून दापोडीत काय वाढत होते हे सांगता येते.

कुंडीवरील लेबलाविषयी थोडक्यात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात आणि मार्करची शाई त्याआधीच उडते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकदार खिळ्याने क्रमांक कोरावा आणि तशीच दुसरी पट्टी कुंडीच्या मातीत पुरून ठेवावी. माकडांना चमकणारी पट्टी फार आवडते, हे अनुभवाने सांगतो.

नमुना: झाडाचा पुरावा

कुंडीतील झाड मरते, लेबल बदलते, परंतु हर्बेरियमची शीट शंभर वर्षे टिकते आणि ‘हे झाड खरोखर याच जातीचे होते’ हे तपासण्याची ती एकमेव सोय असते. म्हणून उद्यानातील प्रत्येक मूळ आवकीचा किमान एक नमुना करावा आणि जमल्यास त्याची दुसरी प्रत पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या मान्यताप्राप्त संग्रहात द्यावी.

साध्या वनस्पतीसाठी पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे: वर्तमानपत्रात व्यवस्थित पसरून, मध्ये टीपकागद घालून प्रेसमध्ये, म्हणजे नमुने दाबण्याच्या चौकटीत, आवळावे, पहिला कागद चोवीस तासांत बदलावा आणि नंतर वाळेपर्यंत बदलत राहावे. मात्र आपल्या दोन्ही वनस्पती या पद्धतीला दाद देत नाहीत. शिंदळ माकुडीचे मांसल खोड प्रेसमध्येही आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, पाने गळतात आणि शेवटी बुरशी येते. त्यामुळे दाबण्यापूर्वी ते उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मारावे आणि जाड खोड उभे चिरून त्याचा काप वाळवावा. कंदीलपुष्पाचे फूल दाबले की त्याचा कंदील चपटा होतो आणि आतील रचना, जिच्यावरून जाती ओळखतात, ती नाहीशी होते. या फुलात शिरलेली लहान माशी नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, काही काळाने केस सुकले की परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) अंगाला चिकटवून बाहेर पडते. हे सर्व भाग तपासायचे तर एक-दोन फुले सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावीत आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर टीपकागदच ओले असतात, तेव्हा साठ वॉटच्या दोन बल्बांवर जाळी ठेवून त्यावर प्रेस उभा करावा आणि तो एकटा सोडून जाऊ नये. किडीसाठी पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत असत. ते तीव्र विष आहे आणि विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. वाळलेली शीट पिशवीत सीलबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवल्याने किडे मरतात. जुन्या कपाटातील शीट हाताळतानाही हातमोजे घालावेत, कारण तिच्यावर ते विष असू शकते.

ओळख पटवताना थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ आजही कामी येतो, मात्र त्यानंतर अनेक नव्या जातींची नोंद झाली आहे आणि अंजनेरीच्या नावाने ओळखले जाणारे कंदीलपुष्प त्यात सापडणार नाही. ग्रंथातील चावीत, म्हणजे लक्षणांवरून जात ओळखण्याच्या तक्त्यात, जात जुळत नसेल तर ती जबरदस्तीने जुळवू नये; ‘सेरोपेजिया, जात अनिश्चित’ असे लिहून तज्ज्ञाकडे पाठवावे.

कुंडीतले दिवस

मातीत मुरूम, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचे जुने खत साधारण समान प्रमाणात असावे. शिंदळ माकुडीसाठी खत आणखी कमी करून दगडाच्या बारीक कपच्या घालाव्यात. तिची फांदी तोडल्यावर लगेच लावू नये. कापलेले टोक सावलीत आठवडाभर सुकू द्यावे, नाहीतर ती रुजण्याऐवजी कुजते. कंदीलपुष्पाचे ताजे बी लवकर रुजते, म्हणून त्यातील काही तत्काळ पेरावे आणि उरलेले साठवणीसाठी ठेवावे.

खरी परीक्षा डिसेंबरनंतर होते. वेल वाळून जाते, कुंडीत वरून काहीही दिसत नाही आणि कंद मातीखाली झोपलेला असतो. एका उद्यानात मी तीन वर्षे जपलेल्या अकरा कुंड्या उन्हाळी सफाईत रिकाम्या केल्या गेल्या आणि त्यांत झेंडू लावला गेला. माळीकाकांची त्यात चूक नव्हती. कुंडीत झाड आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक सुप्त कुंडीवर ‘कंद जिवंत आहे, पाणी घालू नये, कुंडी रिकामी करू नये’ अशी मराठी पाटी लावतो. या कुंड्या सावलीत, घुशी-उंदरांपासून जाळीने झाकून ठेवाव्यात आणि मेअखेरीस वळवाच्या सुमारास हलके पाणी सुरू करावे. पावसाळ्यात पिवळा मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर लक्ष ठेवावे. रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही या वेलींवर येतात. त्यांना मारू नये, उचलून कुंपणावरच्या रुईवर सोडावे.

जवळच्या नात्यातील जाती शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांचा संकर होण्याची शक्यता असते. त्यामुळे उद्यानात उघड्यावर धरलेले बी प्रदर्शनासाठी किंवा शिकवण्यासाठी वापरावे, डोंगरावर नेऊ नये. डोंगरासाठी बी हवे असेल तर कळी असतानाच फूल जाळीच्या पिशवीत बंद करून त्याच ठिकाणच्या दुसऱ्या वेलीचे पराग हाताने द्यावेत. परागपुंज काढून दुसऱ्या फुलात बसवणे हे सुईच्या टोकाचे काम आहे आणि पहिल्या मोसमात बहुतेक प्रयत्न फसतात.

बियांची साठवण

आंबा, फणस, जांभूळ किंवा कोकणातील रानजायफळ यांचे बी वाळवले की मरते. त्यांचा संग्रह जिवंत झाडांच्याच रूपात करावा लागतो. इतर पुष्कळ जातींचे बी वाळवणे व गारठवणे सोसते आणि जितके कोरडे व थंड ठेवावे तितके ते अधिक जगते: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा तापमान पाच अंशांनी उतरवले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. इंग्लंडमधील वेकहर्स्ट येथे २००० साली सुरू झालेली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची मिलेनियम सीड बँक ही बियांची पेढी बी कमी आर्द्रतेच्या खोलीत वाळवून उणे वीस अंशांवर ठेवते. महाविद्यालयाला तशी खोली परवडणार नाही, पण घट्ट झाकणाचा डबा, तळाशी निळी सिलिका जेल, त्यावर कागदी पाकिटे आणि आत एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागते. सिलिका गुलाबी झाली की ती भट्टीत तापवून पुन्हा निळी करावी. आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास स्थिरावल्यावर बी काचेच्या लहान बाटल्यांत सीलबंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावे. अर्धवट वाळलेले बी फ्रीझरमध्ये ठेवणे म्हणजे ते मारणे, कारण आतील पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा हवेतील ओल बियांवर धरते. पाच वर्षांनी थोडे बी पेरून उगवण तपासावी आणि टक्केवारी आवक क्रमांकासमोर लिहावी. प्रत्येक बाटलीची एक जोड दुसऱ्या गावातील संस्थेत ठेवावी, कारण आपल्याकडे वीज जाते.

परत डोंगरावर

जेथून बी आले त्याच ठिकाणी, आणि तेथील घटीचे कारण थांबले असेल तरच, रोपे परत न्यावीत. चराई, वणवा किंवा मुरुमाचे उत्खनन चालूच असेल तर लागवड हा छायाचित्रापुरता सोहळा ठरतो. पहिला दमदार पाऊस झाल्यावर, वनखात्याच्या परवानगीने आणि कुंडीतील माती पूर्ण धुऊन काढून रोपे न्यावीत. त्या मातीतून बागेतील तण, मुंग्या आणि सूत्रकृमी पठारावर जातात. वेगवेगळ्या मातृवेलींची रोपे मिसळून लावावीत आणि प्रत्येकाची जागा नकाशावर दाखवावी. हा नकाशा वहीतच राहू द्यावा. फलकावर किंवा समाजमाध्यमांवर तालुक्यापलीकडे ठिकाण सांगू नये, कारण अशा वनस्पतींना हौशी संग्राहकांकडून मागणी असते.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये किती रोपे जगली हे मोजणे सोपे आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुले, फळे आणि आसपासची नवी रोपे मोजणे हे खरे काम. मेलेल्या रोपाचा क्रमांक खोडू नये किंवा दुसऱ्याला देऊ नये. त्यासमोर दिनांक आणि कारण लिहावे. आणि न लावलेले, आपोआप उगवलेले पहिले रोप दिसले तर त्याला पट्टी बांधू नये. जवळच्या दगडाची खूण लिहावी, छायाचित्र घ्यावे आणि परत आल्यावर जुन्या आवक क्रमांकाखाली एक ओळ सोडून ती तारीख लिहावी.